सायकलवरून पडून

"चिंचमळा फाटा. पादचारी मृत्यू शून्य, सायकलस्वार मृत्यू शून्य. तीन वर्षांचे आकडे आहेत," असं म्हणून वाघचौरे साहेबांनी पान उलटलं आणि ते पुढच्या गावाकडे वळलेसुद्धा.

तहसील कचेरीत रस्ता सुरक्षा समितीची बैठक होती. २००९ सालचा फेब्रुवारी. आमच्या गावावरून जाणारा हमरस्ता चौपदरी व्हायचा होता आणि वाघचौरे त्या कामाचे इंजिनियर. मी, रूथ भिंगारदिवे, तिथल्या ग्रामीण रुग्णालयात अपघात विभागाची सिस्टर. खरं तर बैठकीला आमचे अधीक्षक डॉक्टर कुलथे यांनी जायचं. पण त्यांना अशा बैठका म्हणजे डोक्याला ताप, म्हणून रुग्णवाहिकेबद्दल दोन वाक्यं बोलायला त्यांनी मला पिटाळलं होतं. ती बोलून झाल्यावर मी चहा कधी येतो ते बघत बसले होते.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई उठली. अंगावर कारखान्याचा निळा कोट, तो काढायलासुद्धा तिला वेळ मिळाला नसावा.

"साहेब, शून्य म्हंजी फाट्यावर कुणीच मेलं नाय का?"

"नोंदीप्रमाणे नाही, ताई."

"मंग माझा मालक कुठं मेला?"

बाईचं नाव लंका दरंदले, राहणार चिंचमळा. चिंचमळा रस्त्याच्या अलीकडे, आणि एमआयडीसी, हायस्कूल, दळणाची गिरणी सगळं पलीकडे. वस्तीतली तीनशे माणसं रोज फाट्यावर तो रस्ता ओलांडायची, कोणी पायी, कोणी सायकलवर. पहिल्या नकाशात फाट्याखालून एक भुयारी मार्ग होता. नव्या नकाशातून तो उडाला, मधे अखंड दुभाजक आला, आणि ओलांडायचं तर दोन किलोमीटर पुढे जाऊन वळून या, असं ठरलं. कोण जाणार दोन किलोमीटर? दुभाजकावरून सायकल उचलून टाकतील आणि पळतील, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून चिंचमळ्याची दहा-बारा माणसं कामावर खाडा करून बैठकीला आली होती.

वाघचौरे काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी शेजारी बसलेल्या पोलीस ठाण्याच्या बोरुडे साहेबांकडे बघितलं. बोरुडेंनी मान हलवली, फाट्यावर अशी एकही केस दाखल नाही म्हणाले. मग वाघचौरे लंकाला म्हणाले, "ताई, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण मला कागद लागतो. फाट्यावर माणसं गाडीखाली येतात असं लिहिलेले कागद पंधरा दिवसांत आणा, भुयारी मार्ग मी स्वतः परत नकाशात घालतो."

लंका उभीच राहिली. तिची नजर सभागृहातून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. चहा आला होता, मी कपात बघत बसले. तिला हवा असलेला कागद कुठे आहे ते मला माहीत होतं, त्यावर काय लिहिलंय तेही. लिहिणारी मीच होते.

आमच्याकडची रीत सांगते, म्हणजे कळेल. जखमी माणूस आला की अपघात विभागाच्या रजिस्टरमध्ये त्याचं नाव, गाव, वेळ लिहायची आणि पुढच्या रकान्यात इजेचं कारण. तिथे मी 'वाहनाची धडक' लिहिलं की ठाण्याला कळवणं आलं. मग पोलीस येणार, पंचनामा होणार, आणि सायकल मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा. ठाण्याच्या मागच्या भिंतीला अशा सायकलींचा ढीग होता. एकेकीच्या कॅरियरला चिठ्ठी बांधलेली, आणि चाकांच्या आऱ्यांतून एरंड उगवून वर आलेला. कोर्ट सोडेल तेव्हा सायकल परत, आणि कोर्ट कधी सोडेल ते कोर्टालाही माहीत नाही. तोवर माणसाने सहा किलोमीटर चालत कारखान्यात जायचं. आठ वाजून पाच मिनिटांनी फाटक बंद. चार दिवस उशीर झाला की पाचव्या दिवशी येऊच नका म्हणायचे.

त्यामुळे चिंचमळ्याचा माणूस कसाही रक्तबंबाळ होऊन आला तरी त्याला आणणारे दारातूनच सांगायचे, सिस्टर, पडला हो, सायकलवरून पडला. पायी चालणारा असला तर चक्कर येऊन पडला. आणि मी लिहायचे, 'सायकलवरून पडून'. डॉक्टर माझ्या नोंदीखाली सही करायचे. अकरा वर्षं मी हे करत होते. मला वाटायचं मी गरिबांवर उपकार करतेय. डोंबलाचे उपकार.

लंकाचा नवरा अंबादास पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी चारला आला होता, त्या बैठकीच्या दीड वर्ष आधी. शुद्धीवर होता. कानामागे सूज, उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडलेली. आमच्या वॉर्डातल्या हमीदा मावशीने त्याचे हात पुसले आणि तळवे माझ्यापुढे धरले. म्हणाली, बाई, बघा, साधं खरचटलंसुद्धा नाही. मावशी लिहायला-वाचायला शिकली नव्हती, पण वीस वर्षं जखमा धूत आली होती. सायकलवरून नुसता पडलेला माणूस हात टेकतो, त्याचे तळवे आणि गुडघे सोलतात. मागून गाडीने उडवलेल्याला हात टेकायला वेळच मिळत नाही. मी अंबादासला विचारलं, कोणी उडवलं? तो डोळे मिटून म्हणाला, पडलो. लंका बाजूला उभी होती. तिने माझा हात धरला.

"सिस्टर, लिवा ना पडला म्हणून. सायकल गेली तर आमी खायाचं काय?"

मी लिहिलं. पाय बांधला, डोक्याला पट्टी केली, गोळ्या दिल्या. सायकलवरून पडलेल्याला घरी सोडतात, तसं सोडलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तो घरीच वारला.

बैठकीहून परतल्यावर मी जेवायलाही गेले नाही. रेकॉर्डच्या खोलीत जाऊन तीन वर्षांची रजिस्टरं काढली. मला एक गोष्ट बघायची होती. आता सांगायला लाज वाटते, पण सांगते. आम्ही ख्रिस्ती, माझे वडील गावच्या चर्चमध्ये वडीलधारे. खोटं बोलू नये हे लहानपणापासून कानीकपाळी ओरडून शिकवलेलं. त्यामुळे रजिस्टरमध्ये खोटं लिहिताना माझा हात अडखळायचा. मग मी काय करायचे, खोट्या नोंदीच्या कडेला पेन्सिलीने एक बारीक टिंब द्यायचे. माणसांना दिसणार नाही, देवबापाला दिसेल. वर गेल्यावर विचारलंच तर सांगता येईल की हे मी मनापासून लिहिलं नव्हतं. मोठी हुशारी केल्यासारखी.

खिडकीपाशी बसून मी टिंबं शोधली. चिंचमळा फाट्याची एक्केचाळीस निघाली. सव्वीस सायकलवाले, पंधरा पायी चालणारे. त्यातले सहा जण आठ-पंधरा दिवसांत घरीच वारले होते, हे मला गावातल्या माणसांकडून कधी ना कधी कळलेलं होतं, पण एका ठिकाणी कधी मोजलं नव्हतं. फाट्यावरच्या एक्केचाळीस माणसांना मी स्वतःच्या हाताने जमिनीवर पाडलं होतं. गाडी एकाही नोंदीत नव्हती.

त्या रविवारी चर्च सुटल्यावर मी चिंचमळ्याला गेले. लंका दारात धुणं वाळत घालत होती. तिची मुलगी माला, नववीतली, अंगणात सायकलच्या चाकात हवा भरत होती. तीच सायकल. मागचं चाक नवं, पण कॅरियर वाकडं ते वाकडंच, आणि मडगार्डवर हिरव्या रंगाचा ओरखडा. ट्रकचा. माला रोज तीच घेऊन फाट्यावरून शाळेत जायची. सायकल वाचवली होती ना आम्ही.

लंकाने मला बसायला चटई टाकली. मी बसले नाही. म्हटलं, उभ्यानेच बोलते, नाहीतर धीर सुटेल.

"लंका, तो कागद माझ्याकडे आहे. आणि आणखी एक सांगते. मी धडक लिहिली असती, तर नियमाप्रमाणे त्याला जिल्ह्याला पाठवावं लागलं असतं. तिथे डोक्याचा फोटो निघाला असता. घरी सोडलं नसतं."

तिने हातातलं लुगडं पिळलं, पुन्हा पिळलं. त्यातलं पाणी केव्हाच निथळून गेलं होतं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "नंतर एकानं सांगितलं. पर मीच तुमचा हात धरला व्हता."

"धरला तू. लिहिलं मी."

"मंग दोघींनी मिळून मारलं म्हणा की त्याला," ती म्हणाली आणि चटईवर बसली. मग मीही बसले. मालाने पंप खाली ठेवला होता आणि ती आमच्याकडे बघत होती. मला वाटलं आता ही पोर रडेल नाहीतर मला हाकलून देईल. दोन्ही झालं नाही. ती आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

पुढचे बारा दिवस मी आणि लंका घरोघरी फिरलो. तिची पाळी सुटली, माझी ड्यूटी संपली की निघायचो. माझ्याकडे एक्केचाळीस नावांची यादी. कुणाला कुठल्या गाडीने, कुठून येताना, किती वाजता, चालत होता की सायकलवर, अंधार होता की उजेड, सगळं विचारून वहीत उतरवत होते. जे अकरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं ते. सुरुवातीला लोक दार अर्धंच उघडायचे. आता कशाला उकरून काढता, म्हणायचे. एका म्हाताऱ्याने तर मला तोंडावर सुनावलं, तेव्हा आम्ही पाया पडलो म्हणून तुम्ही लिहिलंत, आता तुमच्या मनाला टोचतंय म्हणून आम्ही शब्द फिरवायचा होय? मी म्हटलं, होय. मला टोचतंय हे खरं आहे, पण भुयारी मार्ग तुमच्या नातवाला लागणार आहे, मला नाही. त्याने दार पूर्ण उघडलं.

समितीच्या पुढच्या बैठकीच्या आदल्या दिवशी कुलथे सरांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी आधी चांगल्या शब्दांत समजावलं. तुमच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता, म्हणाले. मग म्हणाले, रजिस्टर दवाखान्याबाहेर जाणार नाही. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "एक मार्ग आहे. तुम्ही लिहून द्या की नोंदी अनवधानाने चुकल्या. मी सांभाळून घेतो."

"अनवधानाने कशा चुकतील, सर? एक्केचाळीसदा?"

"शब्दच तर आहे."

"तोही शब्दच होता. पडून."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या नोंदींखाली त्यांच्याही सह्या होत्या, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मला त्यांची कीव आली, पण तेवढ्यापुरतीच. म्हटलं, सर, रजिस्टर दवाखान्याचं आहे, अक्षर माझं आहे. माझं अक्षर मी घेऊन जाते, रजिस्टर त्याच्याबरोबर येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तीनही रजिस्टरं कापडी पिशवीत घालून मी दवाखान्याच्या पुढच्या दारानेच बाहेर पडले. हमीदा मावशीने दार धरलं.

बैठकीत माझा नंबर आला तेव्हा मी उभी राहिले आणि वाचायला लागले. तारीख, नाव, रजिस्टरमधलं कारण, आणि वहीतलं खरं कारण. पाचव्या-सहाव्या नोंदीनंतर वाघचौरेंनी पेन खाली ठेवलं. एक्केचाळिसावी संपली तेव्हा त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं.

"हे अक्षर कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं."

"म्हणजे खोट्या नोंदी तुम्ही केल्यात?"

"मी केल्या. जाणूनबुजून केल्या. अनवधानाने एकही नाही."

हे मी मुद्दाम मोठ्याने बोलले, बैठकीचा वृत्तांत लिहिणाऱ्या कारकुनाने नीट ऐकावं म्हणून. मग त्यांना तळव्यांचं सांगितलं, टिंबांचंही सांगितलं. कोणीतरी मागे हसलं. बोरुडे साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, सिस्टर, देवाला चालेल तुमचं टिंब, कोर्टाला चालत नाही. टिंब हा काही पुरावा नसतो.

तेव्हा लंका उठली. "पुरावा खाली हाय साहेब," ती म्हणाली. "जरा भाईर या."

सगळे व्हरांड्यात आले. खाली कचेरीच्या आवारात चिंचमळ्याच्या सतरा सायकली एका रांगेत उभ्या होत्या, आणि प्रत्येकीपाशी घरातलं एक माणूस. कुणाचं हँडल वाकलेलं, कुणाची चौकट मधेच दुमडलेली, कुणाची सायकल नुसतीच खांद्यावरून वाहून आणलेली. ज्या सायकली आम्ही खोटं लिहून ठाण्यापासून वाचवल्या होत्या त्या घरोघरी शाबूत होत्या. म्हणजे मोडलेल्या, पण शाबूत. सव्वीसपैकी बाकीच्या विकल्या गेल्या होत्या. पायी चालणाऱ्यांचं काय आणणार? त्यांच्यातले जे उरले होते ते स्वतःच आले होते. एक जण काठीवर, एक जण बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. सहा घरांतून मेलेल्यांची माणसं होती.

वाघचौरे पायऱ्या उतरून खाली गेले. एकेक सायकल वाकून बघू लागले. मडगार्डवरचे रंग, तुटलेल्या दिव्याच्या काचा, मार नेमका मागून की बाजूने. माणूस इंजिनियर होता, लोखंड कसं वाकतं ते त्याला मला सांगायला लागलं नाही. मालापाशी आले तेव्हा त्यांनी हिरव्या ओरखड्यावर बोट फिरवलं आणि तिला विचारलं, ही कोण चालवतं? माला म्हणाली, मी. कुठून जातेस? फाट्यावरून.

ते परत वर आले आणि बोरुडेंना म्हणाले, साहेब, मला यातलं पोलिसांच्या नोंदीत आलेलं पाहिजे. नुसतं बघून मी वरच्यांना काय सांगू?

बोरुडे हसले. त्यांना वाटलं, आता खेळ संपला. सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "माझी कुठं ना आहे? घेतो की नोंदी. सगळ्यांचे जबाब घेतो. पण मग सायकली मुद्देमालात जमा कराव्या लागतील. सतराच्या सतरा. कोर्ट सांगेल तेव्हा परत."

 इतकी वर्षं त्या माणसांनी जे होऊ नये म्हणून रक्त गाळत खोटं सांगितलं, तेच समोर येऊन उभं राहिलं होतं. सतरापैकी दहा-अकरा सायकली चालत्या होत्या, रोजच्या कामाच्या होत्या. एकाने हळूच आपलं हँडल घट्ट धरलेलं मी पाहिलं. त्याला मी दोष देणार नाही.  वाटलं, झालं, आपणच या लोकांना बाहेर काढलं आणि आपणच बुडवलं.

लंकाने मालाकडे बघितलं. दहावीचं वर्ष पुढे होतं पोरीचं, शाळा सहा किलोमीटर.  मालाने सायकल पुढे घेतली, पायरीपाशी स्टँडवर लावली, कुलूप लावलं, आणि किल्ली आईच्या हातात दिली. लंका ती घेऊन वर आली आणि बोरुडेंच्या पुढ्यात धरली.

"घ्या. अन् पावती द्या."

"पावती ठाण्यात मिळेल."

"हितं द्या. कागद लागतो म्हणाले व्हते ना साहेब? मंग त्या पावतीवर लिवा. चिंचमळा फाट्यावर अंबादास दरंदलेला टरकानं मागून उडवलं, त्याची सायकल. आसं लिवलं तरच किल्ली सोडीन."

बोरुडेंनी किल्लीकडे हात केला होता, तो तसाच राहिला. वाघचौरेंच्या ते आधी लक्षात आलं. मुद्देमालाची पावती म्हणजे ठाण्याचा शिक्का, तारीख, ठिकाण, आणि गुन्ह्याचं कारण. त्यांना हवा होता तो कागद. त्यांनी कारकुनाची खुर्ची स्वतः ओढून बोरुडेंसमोर ठेवली आणि म्हणाले, "लिहा साहेब. मी साक्षीदार म्हणून सही करतो."

हँडल घट्ट धरलेला तो माणूस दुसरा आला. मग रांगच लागली. ठाण्याचा हवालदार पावतीपुस्तक घेऊन आला आणि अकराव्या सायकलीला ते संपलं, तर दुसरं आणायला त्याला परत पळावं लागलं. पायी चालणाऱ्यांकडे जमा करायला काही नव्हतं, तर लंकाने त्यांनाही रांगेत उभं केलं. यांचे जबाब घ्या म्हणाली, हे काही सायकलवरून पडलेले नाहीत. बोरुडेंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, पण इंजिनियर शेजारी बसून प्रत्येक कागद वाचत होता, त्यामुळे लिहिण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. संध्याकाळी पाचपर्यंत हे चाललं.

मग आम्ही घरी निघालो. चालत. सायकल कुणाकडे होती? पन्नास-साठ माणसं असतील, पुढे लंका आणि माला, मधे काठीवाले, आणि माझ्या अंगात अजून पांढरा युनिफॉर्म. फाट्यावर आलो तेव्हा कारखाने सुटायची वेळ, दोन्ही बाजूंनी ट्रक-टेम्पो सुसाट. एरवी त्या जागी माणूस मान खाली घालून, जीव मुठीत धरून पळायचा. लंका कडेला थांबलीच नाही. तिने हात वर केला आणि सरळ रस्त्यात पाऊल टाकलं. मागोमाग आम्ही सगळे. एका ट्रकने करकचून ब्रेक मारला, मग त्याच्या मागच्याने. काठीवाल्याला ओलांडायला वेळ लागत होता, तर त्याच्यासाठी सगळे मधेच उभे राहिले. हॉर्न वाजवणाऱ्या एका ड्रायव्हरकडे मी असं काही बघितलं की त्याने काच वर केली. इथल्या अकरा वर्षांच्या नोकरीत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

दवाखान्यात परतल्यावर मी तीन रजिस्टरं उघडली आणि लाल शाईने एक्केचाळीस वेळा लिहिलं, 'वरील कारण खोटे. वाहनाची धडक. रू. भिंगारदिवे.' प्रत्येक ठिकाणी तारीख घातली. पेन्सिलीची टिंबं खोडरबराने पुसून टाकली, आता त्यांची गरज नव्हती.

माझी चौकशी झाली. तिथेही त्यांनी 'अनवधानाने' हा शब्द दोनदा पुढे केला आणि मी दोनदा परत केला. सेवापुस्तकात प्रतिकूल शेरा बसला, 'हेतुपुरस्सर चुकीच्या नोंदी केल्या'. निवृत्तीच्या दिवशी कारकून तो पानाखाली झाकायला बघत होता. मी म्हटलं, राहू दे रे, त्या पुस्तकात माझ्याबद्दल एवढंच तर खरं लिहिलंय. पण तोवर आमच्या रजिस्टरला नवे रकाने आले होते. चालत होता की सायकलवर, कोणती गाडी, कोणत्या ठिकाणी. कुलथे सरांनी ते स्वतः आखून घेतले. मग रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवून गेले.

भुयारी मार्ग झाला. ठेंगणा आहे, पावसाळ्यात घोटाभर पाणी साठतं, लोक शिव्या देत त्यातून जातात. शिव्या देत का होईना, जातात आणि परत येतात.

मालाची सायकल चौदा महिन्यांनी सुटली. तोवर पोरीने दहावी चालत केली. सायकल घेऊन ती आधी माझ्याकडेच आली होती, गंजलेली साखळी कुरकुरत. कॅरियरला ठाण्याची पुठ्ठ्याची चिठ्ठी तशीच बांधलेली होती. 'चिंचमळा फाटा. ट्रकची धडक. मयत अंबादास दरंदले.' मी ती सोडायला हात लावला, तर तिने माझा हात धरला. तिच्या आईने धरला होता तसाच.

"राहू द्या सिस्टर," ती म्हणाली. "पुसट झाली की मी तुमच्याकडे येईन. तुम्ही परत लिहून द्या."

आता ती स्वतः नोकरी करते, सायकल तिच्या धाकट्या भावाच्या बायकोकडे असते. मी गावातच राहते. आजवर तीनदा लिहून दिलंय, नव्या पुठ्ठ्यावर, मोठ्या अक्षरात.